कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई : मतदार यादीत नाव येईपर्यंत (१९१७ ते १९५२)

ओसरी

गेल्या महिन्यात आईच्या माहेरचं, सातारा जिल्ह्यातलं जुनं घर आवरलं. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली आणि तिच्यात दोऱ्याने बांधलेल्या साऱ्याच्या पावत्या. आईच्या आजीच्या नावाच्या. आधी तिचं नाव, मग 'कोम' (म्हणजे बायको), मग नवऱ्याचं नाव आणि 'मयत'. आई पावत्या हातात धरून म्हणाली, "आजी बैलगाडीतून तालुक्याला मत द्यायला जायची. तिच्या दोघी जावा मात्र घरीच. त्यांना मत नव्हतं."

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि कधी खरं मानलं नव्हतं. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी खेड्यातली विधवा मत द्यायला जाते आणि सवाष्ण जावा घरी राहतात, हे पटतच नव्हतं. म्हणून वाचायला बसले. आईचं बरोबर निघालं, आणि त्याचं कारणही त्या ट्रंकेतच होतं. ते सांगण्यासाठी हा धागा काढतेय. थोडा लांबेल.

१९१७ साली भारतमंत्री माँटेग्यू हिंदुस्थानात आले. राज्यकारभारात सुधारणा करायच्या होत्या, म्हणून ठिकठिकाणची शिष्टमंडळं त्यांना भेटत होती. मद्रासमध्ये मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी बायकांच्या शिष्टमंडळासाठी वेळ मागितली. विषय मुख्यतः शिक्षणाचा होता. उत्तर आलं की फक्त राजकीय विषयांवरची शिष्टमंडळं भेटू शकतील. मग कझिन्सबाईंनी मताधिकाराची मागणी घातली आणि भेट ठरली. १८ डिसेंबर १९१७ रोजी सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायका माँटेग्यू आणि व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना भेटल्या. त्यांत मुंबईच्या हीराबाई टाटा होत्या, डॉ. नागूताई जोशी (पुढच्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे) होत्या. निवेदनातलं मागणं एवढंच होतं की मताधिकाराचे नियम कराल तेव्हा 'लोक' या शब्दात बायकांनाही धरा.

मी इथे बराच वेळ थांबले. बायका म्हणून वेगळं काही द्या असं त्या म्हणत नव्हत्या. लोकांमध्ये आम्हाला मोजा, एवढंच.

पुढच्या वर्षी मे महिन्यात विजापूरला मुंबई प्रांतिक परिषद झाली. तिथे सरोजिनीबाईंनी ठराव मांडला. त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेसच्या खास अधिवेशनातही तो मंजूर झाला. पण मताधिकार ठरवायला लॉर्ड साउथबरोंची जी समिती आली, तिने बायकांना नाही म्हटलं. इथल्या समाजाची रीत बघता अजून वेळ आलेली नाही, असं तिचं म्हणणं. मुंबईतल्या बायकांनी सभा घेतल्या, तारा केल्या आणि १९१९ साली हीराबाईंना त्यांच्या मुलीबरोबर, मिठनबरोबर, थेट लंडनला धाडलं. मिठन तेव्हा एकवीस वर्षांची होती. दोघींनी पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे बाजू मांडली, सभांमधून बोलत इंग्लंडभर हिंडल्या. पार्लमेंटने शेवटी हात झटकले. प्रांतांच्या कौन्सिलांनी, म्हणजे तिथल्या कायदेमंडळांनी, आपापलं ठरवावं, असं १९१९ च्या कायद्यात आलं.

म्हणजे गोऱ्या साहेबांची समजूत घालून झाल्यावर आता घरच्या पुरुषांची घालायची होती. रमाबाई रानडे तेव्हा साठीला आल्या होत्या. पुण्यात मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं म्हणून त्यांनी १९२० साली बायकांना रस्त्यावर आणलं होतं. आता त्या मताधिकारासाठी उभ्या राहिल्या. मद्रासने एप्रिल १९२१ मध्ये होकार दिला, मुंबईने जुलैमध्ये. १९२३ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या बायकांनी पहिल्यांदा कौन्सिलसाठी मत दिलं.

आता ट्रंकेकडे येते. कौन्सिलांनी 'स्त्री असणं' ही अपात्रता तेवढी काढली. मालमत्तेची अट तशीच राहिली. आपल्याकडे खेड्यात ३२ रुपये सारा बसेल एवढी जमीन नावावर हवी. रत्नागिरी आणि पंचमहालात १६ रुपये. आता सांगा, कुठल्या बाईच्या नावावर जमीन असायची? नवरा जिवंत असेपर्यंत त्याच्या नावावर, एकत्र कुटुंब असेल तर कर्त्याच्या. पणजोबा भावांपासून विभक्त झाले होते आणि त्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. ते गेले तेव्हा खातं पणजीच्या नावावर आलं. म्हणून तिला मत. जावांचे नवरे जिवंत, म्हणून त्यांना नाही.

शहरातल्या, घरंदाज पारशी घरांतल्या किंवा स्वतः कमावत्या बायकांची गोष्ट वेगळी. पण खेड्यापाड्यात 'सौ.'ला मत नव्हतं आणि 'गं. भा.'ला होतं. जिला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नव्हतं, तिला सरकार मतदान केंद्रावर बोलवत होतं. हे कळल्यापासून पणजीच्या बैलगाडीचा विचार डोक्यातून जात नाही. ती काय विचार करत गेली असेल?

कुणाच्या घरी अशा आठवणी, कागद असतील तर इथे लिहा.

जुना तलाठी

ओसरीताई, धागा वाचून राहवलं नाही. मी तीस वर्षं तलाठी म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी वाई आणि कोरेगावकडे. जुन्या फेरफारांत 'कोम' आणि 'भ्र.' हजारदा वाचले आहेत. 'भ्र.' म्हणजे भ्रतार. बाईचं नाव एकटं लिहायचं नाही, ही दफ्तराची पद्धतच होती. बाप मेला तर मुलाचं नाव 'वारस' म्हणून सुटं लागे, बाईचं नाव मात्र नवऱ्याला धरूनच.

तुमच्या पणजीबद्दल एक जोडतो. विभक्त नवऱ्याची विधवा आणि मुलगा नाही, तरच जमीन तिच्या नावावर चढायची. तीही हयातीपुरती. विकायचा हक्क जवळजवळ नाही. एकत्र कुटुंबातल्या विधवेला पोटगीच. म्हणजे गावात दहा विधवा असल्या तरी खातं एखाद्या-दुसरीच्याच नावावर. कायदा थोडा हलला तो १९३७ साली, हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काच्या कायद्याने. तो मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांनी मध्यवर्ती कायदेमंडळात लावून धरला, म्हणून त्याला देशमुख कायदा म्हणत. त्यातूनही शेतजमीन बाहेरच राहिली, कारण तो विषय प्रांतांकडे होता.

मताची लढाई आणि सातबाराची लढाई मला वेगळ्या दिसत नाहीत. एकीच्या दारात दुसरी अडून बसली होती.

उलटतपासणी

लेख आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो. इंग्लंडमध्ये बायका तुरुंगात गेल्या, उपोषणं केली, नळीने जबरदस्तीने अन्न घातलं गेलं. आपल्याकडे निवेदनं दिली, ठराव झाले आणि तीन-चार वर्षांत मुंबई-मद्रासने देऊन टाकलं. इंग्लंडमध्ये १९१८ साली मिळालं तेही तीस वर्षांवरच्या बायकांना, आणि पुरुषांच्या बरोबरीने १९२८ साली. मग आपल्याकडे ते इतकं सहज कसं झालं? याला लढाई म्हणावं का?

ओसरी

प्रश्न रास्त आहे. सहज झालं ते दोन प्रांतांत. बंगालमध्ये सप्टेंबर १९२१ मध्ये ठराव ५६ विरुद्ध ३७ मतांनी पडला. तिथल्या चर्चेत एक मुद्दा असा होता की बायकांना मत दिलं तर कुलीन बायका पडद्यातून बाहेर येणार नाहीत आणि वेश्या तेवढ्या मत देतील. बंगालला १९२५ उजाडावं लागलं. संयुक्त प्रांत १९२३, पंजाब १९२६, मध्य प्रांत १९२७, बिहार-ओरिसा १९२९. म्हणजे विदर्भातल्या बायकांना आपल्यानंतर सहा वर्षं थांबावं लागलं.

आणि मिळालं ते अर्धं होतं. मत द्यायचं, पण निवडून यायचं नाही. कौन्सिलात बसायची परवानगी १९२६ साली आली. त्याच वर्षी कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रासमध्ये उभ्या राहिल्या आणि अगदी थोडक्यात हरल्या. मुंबईच्या महापालिकेत मात्र १९२३ मध्येच सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले गेल्या होत्या. अवंतिकाबाई म्हणजे गिरगावात हिंद महिला समाज काढणाऱ्या आणि गांधींचं मराठी चरित्र १९१८ साली लिहिणाऱ्या. त्याला प्रस्तावना टिळकांची.

तुरुंगाचं म्हणाल तर आपल्या बायका तुरुंगात गेल्याच की. मिठाच्या सत्याग्रहात, परदेशी कापडाच्या दुकानांपुढे धरणं धरताना. त्या मताधिकारासाठी गेल्या नाहीत, स्वराज्यासाठी गेल्या. पण १९३१ मध्ये कराचीच्या काँग्रेसने प्रौढ मताधिकाराचं वचन दिलं, ते या बायका वर्षभर मैदानात दिसल्यानंतर. माझ्या मते आपल्याकडच्या लढाईचा आकारच तसा आहे. ती दुसऱ्या एका मोठ्या लढाईच्या पोटात लढली गेली, म्हणून वेगळी दिसत नाही.

टेम्सकाठ

मी गेली अठरा वर्षं लंडनच्या पश्चिमेला राहते. उलटतपासणींनी इंग्लंडचं काढलं म्हणून लिहिते, कारण दोन्हीकडचा धागा जोडणारी बाई माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर राहायची.

महाराजा रणजितसिंगांची नात, दुलीपसिंगांची मुलगी, राजकन्या सोफिया. हॅम्पटन कोर्ट राजवाड्यासमोरचं घर राणी व्हिक्टोरियाने तिला राहायला दिलेलं. त्याच राजवाड्याच्या दाराशी उभी राहून ती मताधिकारवाल्या बायकांचं वर्तमानपत्र विकायची. नोव्हेंबर १९१० मध्ये पार्लमेंटवर गेलेल्या ज्या बायकांना पोलिसांनी तासन्‌तास धक्काबुक्की केली, त्यांत ती होती. मत नाही तर करही नाही म्हणून तिने कर भरायचं नाकारलं. सरकारने तिचे दागिने जप्त करून लिलावात काढले, तेव्हा तिच्याच मैत्रिणींनी ते विकत घेऊन तिला परत दिले.

१९११ च्या जनगणनेचा कागद तिने भरला नाही. बायका जर मोजल्या जात नसतील तर त्या मोजून घेणार नाहीत, अशा अर्थाचं वाक्य तिने त्या कागदावर आडवं लिहून ठेवलं. ओसरीताई, तुम्ही 'लोकांमध्ये मोजा' हे मद्रासचं मागणं लिहिलंत तेव्हा मला हाच कागद आठवला.

आणि आता दुवा. त्याच वर्षी हीराबाई टाटा काश्मीरला सुट्टीला गेल्या होत्या, तेरा वर्षांच्या मिठनला घेऊन. तिथे त्यांना सोफिया भेटली. तिच्या कपड्यावर बायकांना मत द्या असं लिहिलेला बिल्ला होता. हीराबाईंनी विचारलं हे काय आहे. तिथून सुरुवात झाली. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या बाई त्या. १९१९ मध्ये मायलेकी लंडनला आल्या आणि मिठन इथेच लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टर झाली. १९२३ मध्ये सनद घेऊन परत गेली आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली बाई ठरली. पुढे मिठन लाम या नावाने १९४७ साली मुंबईची शेरीफ.

एका बिल्ल्याबद्दल विचारलेला प्रश्न कुठवर गेला बघा.

निळाई

धाग्यातली माहिती चांगली आहे, पण मी जिथे उभी आहे तिथून थोडं वेगळं दिसतं, ते लिहिते. ३२ रुपये सारा म्हणजे आमच्या पणज्या हिशेबातच नाहीत. त्यांच्या नवऱ्यांच्या नावावरही जमीन नव्हती. महारवतनाची जी होती ती सगळ्या भावकीची, तुकड्यातुकड्यांची. विधवा असो की सवाष्ण, मत नाहीच. निवेदनं देणाऱ्या बहुतेक बाया वरच्या थरातल्या होत्या. हीराबाईंचं कष्ट मी नाकारत नाही. पण १९२१ साली 'बायकांना मत मिळालं' हे वाक्य लिहिताना कुठल्या बायकांना, हे दरवेळी विचारलं पाहिजे.

बाबासाहेब १९१९ मध्येच साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला गेले होते, अस्पृश्यांच्या वतीने. आणि सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांताच्या समितीत ते होते, तेव्हा मे १९२९ मध्ये त्यांनी आपला वेगळा अहवाल दिला. एकवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना आणि सगळ्या बायांना मत. मालमत्ता नाही, शिक्षणाची अट नाही. निरक्षर माणसालाही आपलं हित कशात आहे ते कळतं, हा त्यांचा आधार. गोलमेज परिषदेतही प्रौढ मताधिकाराचीच मागणी.

१९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष. हजारो बाया आल्या होत्या. काडीमोडाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी हे ठराव होतेच, कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत प्रतिनिधित्वाचीही मागणी होती. मताधिकाराचा इतिहास लिहिताना नागपूरचा मंडप मद्रासच्या भेटीइतकाच मोठा लिहा.

ओसरी

निळाई, मान्य. माझ्या लेखात ही बाजू यायला हवी होती, ती तुम्ही आणलीत. आकडेही तुमच्याच बाजूचे आहेत. १९३२ मध्ये लॉर्ड लोथियनची मताधिकार समिती आली तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात पुरुष मतदार सत्तर लाखांच्या आसपास होते आणि बाया सव्वातीन लाखांच्याही आतच. वीस पुरुषांमागे एक. पणजी त्या सव्वातीन लाखांत होती, तुमच्या-माझ्या बाकी सगळ्या पणज्या बाहेर.

त्या सव्वातीन लाखांचे साठ लाख कसे झाले तो भाग मी लिहायचा ठेवला होता, तो आता लिहिते, कारण मला सगळ्यांत जास्त टोचतो तो हाच.

मालमत्तेची अट ठेवून बायका वाढवायच्या कशा? सायमन कमिशनने सुचवलं की ज्या पुरुषांना मत आहे त्यांच्या बायकांना आणि विधवांना द्या. म्हणजे बायको असणं हीच पात्रता. अखिल भारतीय महिला परिषदेसह तीन मोठ्या संस्थांनी १९३१ मध्ये एकत्र निवेदन दिलं की आम्हाला प्रौढ मताधिकार हवा, सवलती नकोत, राखीव जागाही नकोत. ही महिला परिषद १९२७ च्या जानेवारीत पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात सुरू झालेली, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई पहिल्या अध्यक्ष. पण सगळ्या बायका एका मताच्या नव्हत्या. पहिल्या गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन म्हणत, प्रौढ मताधिकार मिळेपर्यंत हातात येईल ते घ्यावं, राखीव जागा घ्याव्यात. मला वाचताना दोघींचंही पटत राहिलं. कर्जाच्या विहिरीतलं पाणी प्यायचं की स्वतःची विहीर होईस्तोवर तहानलेलं राहायचं, असा तो पेच.

१९३५ च्या कायद्यात सरकारने बायकोपणाची पात्रता ठेवली. शिवाय लिहिता-वाचता येणं, निवृत्तिवेतन मिळणाऱ्या सैनिकाची विधवा किंवा आई असणं, अशाही वाटा ठेवल्या. बायका साठ लाखांवर गेल्या, पुरुष दोन कोटी नव्वद लाखांच्या आसपास. प्रांतिक कायदेमंडळांत ४१ जागा बायकांसाठी राखीव. त्यांतल्या ६ मुंबईत, १७५ पैकी. आणि बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या जिवावर मिळणाऱ्या मतासाठी बाईला वेगळा अर्ज करावा लागे. आई सांगते, पणजीच्या जावांसाठी घरच्या पुरुषांनी अर्ज केलाच नाही. कशाला हवंय, एक जाते की, असं म्हणाले म्हणे.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमचा इतिहास पोर्तुगालला बांधलेला, म्हणून तिथली एक गोष्ट सांगते. विधवेच्या मतावरून आठवली.

१९११ साली लिस्बनमध्ये कारोलिना बेयात्रीझ आंझेलु नावाची डॉक्टर होती. नवं प्रजासत्ताक आलेलं. निवडणुकीच्या कायद्यात लिहिलं होतं की एकवीस वर्षांवरच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकांना मत. 'पुरुष' हा शब्द घालायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, ते गृहीतच होतं. ही बाई विधवा, मुलीला सांभाळणारी, म्हणजे कुटुंबप्रमुख. ती कोर्टात गेली, न्यायाधीशाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि २८ मे १९११ रोजी तिने मत दिलं. त्याच वर्षी ती वारली. १९१३ मध्ये कायदा दुरुस्त करून 'पुरुष' असं स्पष्ट लिहिलं गेलं. मग १९३१ मध्ये बायकांना दिलं, तेही माध्यमिक शाळा किंवा विद्यापीठ शिकलेल्यांना. पुरुषाला मात्र नुसतं लिहिता-वाचता आलं की पुरे.

सातारची पणजी आणि लिस्बनची डॉक्टर, दोघींना मत मिळालं ते घरात पुरुष उरला नव्हता म्हणून. माझ्या आजीने पहिलं मत १९६३ च्या डिसेंबरात दिलं, मुक्तीनंतरच्या पहिल्या विधानसभेला. ती तेव्हा पन्नाशीच्या पुढे होती. १९६७ च्या जनमत कौलाला ती पहाटेच रांगेत जाऊन उभी राहिली होती, एवढं मला आई सांगायची.

उलटतपासणी

सगळ्यांचे आभार. माझा 'सहज' हा शब्द मी मागे घेतो. एकच विचारतो. शीर्षकात १९५२ आहे आणि 'कुणाची तरी आई' आहे. घटनेनेच २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत दिलं होतं ना? मग १९५२ मध्ये काय अडलं?

ओसरी

घटनेने दिलं. अनुच्छेद ३२६. मालमत्ता नाही, शिक्षण नाही, बायकोपण नाही. घटना समितीत पंधरा बायका होत्या, मुंबईच्या हंसाबेन मेहतांसारख्या, राखीव जागा नकोत असं ठामपणे सांगणाऱ्या.

अडलं ते यादीत. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे सतरा कोटींच्या वर मतदारांची यादी करायचं काम होतं. घरोघर गेलेल्या माणसांना कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको लिहा, तमक्याची आई लिहा. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नसतं, अशी रीत. सेन यांनी ठरवलं की नाव म्हणजे नाव. ज्यांनी दिलं नाही त्यांच्या नोंदी यादीतून काढल्या गेल्या. आठ कोटींच्या आसपास महिला मतदारांपैकी २८ लाख. यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांतल्या. सेन यांच्यावर टीका झाली, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेकींची नावं यादीत आली.

म्हणून शीर्षक तसं दिलं. १९३५ मध्ये सरकार म्हणत होतं, तू अमक्याची बायको आहेस म्हणून तुला मत. १९५१ मध्ये सरकार म्हणालं, तू अमक्याची बायको असशील, पण तुझं नाव काय ते सांग, नाहीतर मत नाही. सोळा वर्षांत प्रश्न पूर्ण उलटा झाला. २८ लाख बायकांचं पहिलं मत गेलं याचं मला वाईट वाटतं, तरीही सेन यांनी केलं ते बरोबरच केलं असं मी म्हणेन.

निळाई

इथे माझं मत थोडं वेगळं. नाव न सांगणं ही त्या बायांची चूक नव्हती, आणि शिक्षा त्यांनाच झाली. यादी करायला बाया पाठवल्या असत्या तर नावं आली असती. निर्णय बरोबर असेल, पण घरोघर कोण गेलं, याकडे बघायला हवं होतं.

गुरुजीबाई

निळाईचं अगदी खरं. मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका, गेली अकरा वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर जायचं काम करते. आमच्या भागात निजामाचं राज्य होतं, आमच्या आज्यांनी पहिलं मत १९५२ लाच दिलं. यादीचं काम आजही बायकांच्या नावापाशीच अडतं, म्हणून लिहिते.

पोरगी लग्न होऊन येते. माहेरच्या यादीतून सातव्या नमुन्यावर तिचं नाव कुणीतरी कमी करून टाकतं, ती गेली म्हणून. सासरी नाव लावायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. आलं तर कागद मागतात आणि कागदावर माहेरचं नाव, घरात हाक मारायचं नाव वेगळं, काही घरांत लग्नात बदललेलं तिसरंच. बाप म्हणतो आमच्याकडे नाही, नवरा म्हणतो आमच्याकडे अजून नाही. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब असेल तर सहा महिने कुणी घरीच नाही.

दारात गेले की म्हातारा पुढे येऊन घरातली नावं सांगतो. मुलांची, नातवांची भराभर. सुनेचं नाव आलं की आत वळून विचारतो, "काय गं नाव तुझं?" दहा वर्षं घरात असलेली सून. मी आता म्हाताऱ्याला थांबवते आणि म्हणते, सुनेला बाहेर बोलवा, मी तिलाच विचारते. ती डोक्यावरचा पदर सावरत येते आणि सांगते. काहीजणी तर मी लिहून झाल्यावर वही बघायला मागतात. वाचता येत नसलं तरी बघतात.

जुना तलाठी

गुरुजीबाई, वही बघायला मागतात हे मीही पाहिलंय, सातबाऱ्याच्या वेळी. नाव चढलं की कागदावर बोट ठेवून विचारायच्या, "हे माझं?"

ओसरी

काल आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. ऐकता ऐकता तिला एक आठवलं, ते लिहून थांबते.

१९५२ साली ती आठ वर्षांची होती. पणजी तोवर गेली होती. धाकटी जाऊ, जिला सगळं गाव काकी म्हणायचं, ती पहिल्यांदा मत द्यायला निघाली आणि आईला बरोबर घेऊन गेली. शाळेत केंद्र होतं. आत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र. टेबलाशी बसलेल्या माणसाने यादीवर बोट फिरवलं आणि काकीचं नाव मोठ्याने वाचलं. मागच्या रांगेत तिचे दोन दीर उभे होते, गावातले आणखी कितीतरी पुरुष होते. आईने इकडे-तिकडे बघितलं की ही कोण बाई. काकी पुढे झाली आणि म्हणाली, "मीच."

आईला त्या दिवशी कळलं की काकीला नाव आहे. ते नाव तिने काल मला सांगितलं. मी ट्रंकेतल्या एका पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलंय, पणजीच्या नावाच्या बरोबर पाठीमागे.